नेटच्या वर वीतभर

बंदरमोहल्ला, जि. रत्नागिरी
२० फेब्रुवारी २०२५

अजमानची माझी बहीण नूरजहाँ, तिचे यजमान तहसीनमियाँ आणि दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतला आपला धाकटा कमरुद्दीन, तिघांना मिळून सलाम वि. वि.

गल्फात पोरं वाढवणाऱ्या माझ्या भावंडांनो, तुम्हा सगळ्यांचं एक दुःख सारखं आहे. तुमच्या मुलांची किंमत तुम्हाला न विचारता दुसराच कुणीतरी ठरवतो. शाळेत ती परदेशी परीक्षा ठरवते, नोकरीत पासपोर्टचा रंग ठरवतो. खेळाचं मैदान तेवढं सुटलं होतं, तिथेही आता माणसं फूटपट्टी घेऊन आली.

नूर, तू पाठवलेला फोटो पाहिला. कुठल्याशा वेबसाइटने आखातातल्या शाळकरी व्हॉलीबॉलपटू मुलींचं रँकिंग काढलं आहे. तुझी एमान त्यात तिसरी आली आणि त्या नंबरावर अमेरिकेतलं एक कॉलेज तिला बोलावतं आहे. मुबारक. पोरीच्या मेहनतीला माझा सलाम. पण कमरूच्या यम्नाचं नाव मी वरून खाली आणि खालून वर शोधलं, सापडलं नाही. एमानच्या प्रत्येक फटक्याआधी चेंडू उचलून देणारे हात यम्नाचे. लिफ्ट तिने द्यायची, स्मॅश एमानने मारायचा, लहानपणापासून हेच चालत आलं आहे. आणि यादीत ती पोर कुठेच नाही?

नंबर काढणाऱ्यांनी पाहिलं काय? उंची, उडी, क्लबचं नाव आणि दोन मिनिटांची क्लिप. शाळेतली पोरगी किती उंच उडते यावरून ती कॉलेजात, अनोळखी पोरींत, अनोळखी कोचच्या हाताखाली कशी खेळेल हे सांगायचं, याला मोजमाप म्हणत नाहीत, याला भविष्य सांगणं म्हणतात. आपल्या आज्याला मुंबईच्या गोदीत बोटीवर घेताना एजंटने छाती मोजली, दंड दाबून पाहिले आणि पहिला नंबर दिला. एडन येईपर्यंत आजा ओकत गेला. बोट लागते का, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

वरच्या नंबरच्या मुली पुढे खेळतात, असं मला तहसीनमियाँ सांगतील. खेळतात, मान्य. पण नंबरवाली तीनदा चुकली तरी कोच तिला मैदानात ठेवतो आणि बिननंबरची एकदा चुकली की बाहेर बसवतो. मग वर्ष संपलं की छाती फुगवून सांगायचं, बघा, आमचा अंदाज खरा निघाला.

एमानने जाऊ नये असं मी म्हणत नाही. सही करण्याआधी त्या कॉलेजला एवढंच विचारा, की तिला चेंडू कोण देणार आणि कसा देणार.

लोभ आहेच. पटलं नाही तर भांडा, पण गप्प बसू नका.

तुमचा,
बदरुद्दीन

---

अजमान
६ एप्रिल २०२५

ती. भाईजान यांना नूरचा सलाम वि. वि.

मोहल्ल्यातून आलेल्या माणसाने तुमचं पत्र आणून दिलं तेव्हा रमजान लागला होता, म्हणून उत्तराला उशीर. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही सभा घेता, आम्हाला मधे बोलायला जागा उरत नाही. तहसीनना पत्र वाचून दाखवलं तर ते म्हणाले की भाईजान निवडणुकीला उभे का राहत नाहीत, आम्ही तिकीट काढून मत द्यायला येऊ.

सही केली, भाईजान. खलास. रागावू नका, आधी माझं ऐका.

आज्याची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. आजा ओकत गेला, पण गेला. त्या एजंटने नंबर दिला नसता तर आपल्या घरात बोटीचा पैसा आला नसता, तुम्ही मास्तर झाला नसता आणि मी इथे एसीत बसून तुम्हाला उलट उत्तरं लिहीत नसते. अमेरिकेतल्या कोचला अजमान शहर आहे की माणसाचं नाव हेसुद्धा ठाऊक नाही. नंबर नसता तर आमच्या पोरीचा ईमेल कुणी उघडला असता का? नंबर खोटा असेल, पण दार त्यानेच उघडलं.

आणि ती क्लिप. व्हिडिओवाल्या मुलाने सांगितलं की कोच लोक पहिली काही सेकंदंच बघतात, तेव्हा प्रत्येक शॉट एमानच्या उडीपासून सुरू करू. त्यात यम्नाचे हात कापले गेले. मुद्दाम कुणी केलं नाही. पण कमरूला तसंच वाटतं. ईदला तो आला नाही. मी बिर्याणीचा डबा घेऊन इंटरनॅशनल सिटीला गेले, तर भाभीने डबा दारातच घेतला आणि आत या म्हणाली नाही. सख्ख्या भावाच्या दारातून लिफ्टने खाली उतरताना काय वाटलं ते लिहीत नाही.

यम्ना शारजातल्या एका युनिव्हर्सिटीत जाणार, घरून येऊन-जाऊन. मी तिला म्हटलं, बेटा, तूपण क्लिप बनव ना. ती इंग्रजीत म्हणाली की उचलून देणाऱ्याची क्लिप कोण बघतं, फुफी.

एमान ऑगस्टमध्ये निघेल, इन्शाल्ला. दुआ करा आणि भाषण राखून ठेवा, लग्नात लागेल.

तुमच्या मायेत कपात नको.

तुमची,
नूर

---

अजमान
१४ ऑक्टोबर २०२५

ती. भाईजान यांना सलाम वि. वि.

तुम्ही ज्या बातमीची वाट बघत होता, ती आली. हे मी रागाने लिहिते आहे, तसंच वाचा. एमान बाकावर बसते.

तिला निवडणारा कोच जुलैतच दुसऱ्या कॉलेजला निघून गेला. नव्या कोच बाईंनी तिला पहिल्या काही मॅचला खेळवलं, मग बसवलं ते बसवलंच. म्हणतात की हिची उडीची वेळ चुकते. भाईजान, उडी तेवढीच, उंची तेवढीच, पोर तीच. इथे तिसरा नंबर असलेल्या माझ्या मुलीचा हात तिथे चेंडूला लागत नाही. ती हवेत असते आणि चेंडू अजून तिच्या डोक्यावर. ती खाली यायला लागते तेव्हा चेंडू पोचतो. मॅच इंटरनेटवर दिसतात. ऑफिसला निघण्याआधी आम्ही बघतो. कॅमेरा बाकाकडे वळला की तहसीन मोबाइल पालथा घालतात आणि चहा गार झाला म्हणून माझ्यावर ओरडतात.

त्याच टीममध्ये एक मुलगी सगळ्या याद्यांत अगदी वर होती, ती रोज खेळते. दुसरी कुठल्याच यादीत नव्हती, नुसती ट्रायल देऊन आत आली, तीही रोज खेळते. मग आता तुम्हीच सांगा, नंबर खरा की खोटा? मला काही कळेनासं झालं आहे.

फोन केला की म्हणते, आय अ‍ॅम फाइन, मम्मी. इथे बिल्डिंगमधल्या बायका विचारतात की एमान किती पॉइंट काढते. मी सांगते, तिकडे थंडी फार आहे.

डिसेंबरात ती येते आहे. कोच बाईंनी सांगितलं आहे की जानेवारीत परत आल्यावर पुन्हा खेळवून बघू आणि मग टीममध्ये ठेवायचं की नाही ते ठरवू. एमान तिच्या अब्बांना म्हणाली की मी परत जाणारच नाही. पोरगी बॉलला हात लावत नाही, भाईजान. जी झोपताना बॉल उशाशी घ्यायची, ती.

तुम्ही जिंकलात. आता उपाय सांगा. आशीर्वाद असू द्या.

नूर

---

बंदरमोहल्ला
३० ऑक्टोबर २०२५

चि. नूर, अनेक आशीर्वाद आणि सलाम.

भाचीच्या बाकावर बसण्यात मला जिंकायचं काय आहे? असं पुन्हा लिहू नकोस.

एमानच्या मॅच मी शाळेच्या कॉम्प्युटरवर पाहिल्या. उडीची वेळ चुकत नाही. उडी बंदरमोहल्ल्याच्या वेळेवर आहे. आपलं मैदान आठव. दुपार कलली की खाडीवरून वारा सुटतो. तिथे उंच चेंडू दिला की तो मशिदीच्या कुंपणात जाऊन पडतो. म्हणून आपल्याकडे लिफ्ट नेटच्या वर वीतभरच द्यायची आणि तीही झपकन. दर सुट्टीत या दोघी ह्याच वाऱ्यात शिकल्या. यम्नाच्या बोटांतून चेंडू सुटण्याआधीच एमान जमीन सोडते, कारण तो कुठे येणार हे तिला ठाऊक असतं. अमेरिकेत बंद हॉल, वाऱ्याचा पत्ता नाही, आणि तिथली लिफ्ट देणारी मुलगी नवख्या पोरीला सांभाळून, छतापर्यंत चेंडू चढवून देते. आपली पोर सवयीने उडते आणि रिकाम्या हवेला मारून येते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. नंबर खोटा नव्हता, अर्धा होता. तो दोघींचा मिळून एक नंबर होता. तुम्ही तो कात्रीने कापून एकीच्या नावावर अमेरिकेला पाठवलात. वेबसाइटला वारा दिसला नाही, समजू शकतो. तुम्हाला यम्नाचे हात दिसू नयेत? घरातले लोक आंधळे झाले की बाहेरच्यांचे आकडे राज्य करतात.

उपाय आहे. एमान आली की यम्नाने रोज तिला उंच चेंडू द्यावा. पायांना थांबायला शिकवावं. दुसऱ्या कुणाच्या लिफ्टवर ती पोर विश्वास ठेवणार नाही. कमरूला मी वेगळं लिहितो आहे आणि ती विनंती नाही, मोठ्या भावाचा हुकूम आहे.

राग सोड, लोभ धर.

बदरुद्दीन

---

इंटरनॅशनल सिटी, दुबई
२१ डिसेंबर २०२५

ती. बडे अब्बा यांना यम्नाचा सलाम.

मराठी चुकली तर लाल पेन काढू नका.

पप्पांनी तुमचा हुकूम वाचून दाखवला. फुफी एमानला घेऊन आली. ह्या वेळी मम्मीने दोघींना आत घेतलं. मोठी माणसं हॉलमध्ये बसून माझ्याबद्दल बोलली. सगळे म्हणाले, एमानसाठी कर, तुझी बहीण आहे. एमान माझ्या बेडवर बसून माझ्या शूजच्या लेस सोडत होती आणि पुन्हा बांधत होती.

मी करते आहे. फुफीच्या बिल्डिंगमागे पार्किंगच्या पलीकडे जी रेती आहे, तिथे नेट बांधतो. मी उंच देते, ती थांबते, मारते. आता चेंडू लागतो. जमेल तिला.

पण मला तुम्हाला एक विचारायचं आहे. तुम्ही वेबसाइटला शिव्या देता. माझा पहिला नंबर कुणी काढला, बडे अब्बा?

मी नऊ वर्षांची होते. सुट्टीत आलो होतो. तुम्ही आम्हा दोघींना नेटच्या खांबाला पाठ लावून उभं केलं आणि डोक्याजवळ खडूने रेघा मारल्या. एमानची रेघ वर होती. तुम्ही म्हणालात, ही मारेल, ही उचलेल. बस. वेबसाइटने निदान क्लिप तरी बघितली. तुम्ही आम्हाला एक बॉलसुद्धा मारून बघायला दिला नाहीत.

त्यानंतर दर सुट्टीत रेघा मारायचात. एका वर्षी माझी रेघ तिच्या बरोबर आली. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही खडू खिशात टाकलात आणि म्हणालात, चला, खेळा. पुढच्या सुट्टीपासून रेघाच बंद झाल्या.

आता मी युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये आहे. कॅप्टन केलं आहे. सगळे म्हणतात, काय हात आहेत. मीपण थँक यू म्हणते. पण मला मारता आलं असतं का, हे मला माहीत नाही आणि तेच टोचतं. एमानला निदान कळलं तरी की तिचं काय चुकतं.

ती दहा जानेवारीला परत जाणार की नाही, हे अजून ठरत नाही. मला सगळे विचारतात की एमान तयार झाली का. यम्नाला काय पाहिजे, हे ह्या घरात कुणी विचारलेलं नाही. तुम्हीसुद्धा नाही, आणि तुम्ही तर आमचे सगळ्यात शिकलेले.

माझ्यावरचं प्रेम कमी झालं तर चालेल. उत्तर पाहिजे.

यम्ना

---

बंदरमोहल्ला
२८ डिसेंबर २०२५

अजमान आणि दुबईच्या माझ्या सगळ्या माणसांना सलाम.

कुणाबरोबर पत्र पाठवायला वेळ नाही, म्हणून याचा फोटो पाठवतो आहे. नूर, सगळ्यांना एकत्र बसवून मोठ्याने वाच. यम्ना समोर असली पाहिजे.

यम्ना, तुझ्या पत्रात मला लाल पेनाची जागा सापडली नाही. जन्मभर माइकसमोर उभा राहिलो, उत्तरं देत आलो. तुझ्या उत्तरासाठी उठून चालावं लागलं. काल मैदानावर जाऊन आलो. खांब तिथेच आहे, खडू कधीच धुऊन गेला. तुझ्यावर मात्र ती रेघ राहिली.

नंबर काढणाऱ्यांवरचा माझा राग गेलेला नाही, उलट वाढला आहे, कारण ते किती जवळ बसलेले असतात हे आता कळलं. पोरगी अजून वाढत असताना तिच्या डोक्यावर रेघ मारून मोकळे होणारे सगळे एकाच कळपातले, वेबसाइटवर असोत की खाडीकाठी. तुम्ही मला विचारलं होतं की शाळेतला नंबर पुढचं काही सांगतो का. सांगतो. संधी कुणाला मिळणार ते सांगतो. जिला ती मिळालीच नाही तिच्याबद्दल तो कधीच काही सांगू शकत नाही, आणि तिच्या गप्प बसण्यालाच आपण पुरावा समजतो.

एमान परत जाईल की राहील हे एमान ठरवेल. मी सल्ला देणार नाही. नूर, तूही देऊ नकोस. कमरू, माझा हुकूम मी मागे घेतो.

लोभ ठेवायचा की नाही, ते शुक्रवारनंतर ठरवा. तोवर एकच करा. येत्या शुक्रवारी दुपार कलली, अस्रची नमाज झाली की सगळे त्या पार्किंगमागच्या रेतीवर जा. मोबाइल खिशात राहू देत. कमरू, नूर, तहसीनमियाँ, तुम्ही लांब गेलेले चेंडू गोळा करून आणायचे आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. किती लागले, किती चुकले, कुणी मोजायचं नाही.

एमान, चेंडू तू उचल. नेटच्या वर वीतभर दे.

यम्ना, तू मार.

बदरुद्दीन