वन्संचा ओटा

मी, शेवटी जिची वेडीवाकडी सही आहे ती बाई, स्वयंपाकघरातली अवजारे आखण्यात आणि ती वापरणाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकण्यात उभा जन्म घालवून, आता पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या हट्टाने हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला आमच्या डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांना विचारले की, जिथे माणसे हात गळ्यात बांधून येतात त्या दवाखान्याच्या दाराला गोल गुळगुळीत मूठ कोणत्या शहाण्याने बसवली? डॉक्टरांनी लगेच सही केली.

वकिलांनी आधी एक मसुदा करून आणला होता. त्यात मी कुठे दिसेना. म्हणून तो बाजूला ठेवून मी बोलत गेले आणि त्यांनी लिहून घेतले. जिथे त्यांना ठसका लागला तिथे थांबलो.

कलम पहिले, घर. हे घर माझ्या कमाईचे आहे, त्यात कोणाची वीट नाही. माझ्या पश्चात माझी नणंद, म्हणजे माझ्या दिवंगत यजमानांची बहीण, हिला या घरात हयातभर राहण्याचा आणि हे स्वयंपाकघर आहे तसे वापरण्याचा हक्क राहील. या हक्काला कसलीही अट नाही. वन्सं शिवणकाम करायच्या. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला, तेव्हापासून त्या माझ्याजवळ आहेत. आमचे काही गळ्यात गळे नाहीत. त्या घोरतात, मी फटकळ आहे. पण घरात चहा त्या करतात, भाजी त्या चिरतात, आणि मीठ जास्त पडले तर मी बोलते आणि त्या ऐकून घेत नाहीत. असे आमचे ठीक चालले आहे.

वन्संच्या नंतर हे घर माझ्या मुलाचे. आधी नाही.

कलम दुसरे, मुलगा आणि त्याचे सोलाणे. मुलगा माझ्याच धंद्यात आहे आणि माझ्यापेक्षा मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याने आखलेल्या सोलाण्याला बक्षीस मिळाले. ते इतके सुबक आहे की त्याला मूठच नाही, नुसती चकचकीत पोलादी कडी. त्याने ते लोकांना वापरायला दिले होते, असे तो छातीठोकपणे सांगतो. कुठे दिले? ऑफिसातल्या बैठकीच्या खोलीत. गालिचा भिजू नये म्हणून गाजरे आधीच धुऊन, पुसून, कोरडी करून मांडली होती. लोकांनी ती सोलली, "आवडलं का?" या प्रश्नाला भिडेखातर "हो हो" म्हटले आणि बिस्किटे खाऊन घरी गेले. त्या सोलाण्याला पाणी कसे असते हे पहिल्या गिऱ्हाईकाच्या घरी कळले, आणि त्या बाईच्या अंगठ्यालाही कळले.

माझ्या हाताखाली कोणतीही वस्तू अशी सुटली नाही. मी माणसांना आवडनिवड विचारत नसे. हाताला साबण लावायचा, चष्मा काढून ठेवायचा, एक हात पाठीमागे बांधायचा आणि म्हणायचे, "हं, करा आता." मग गप्प उभे राहून बघायचे. आमच्या कारखान्याचे मालक याला माझे नाटक म्हणत. त्यांना मी एकदा स्वतःच्याच कारखान्याचा जेवणाचा डबा उघडायला लावला. झाकण उघडले, आतली आमटी त्यांच्या टायवर गेली, आणि माझी बढती त्यानंतर कधी झाली नाही. मालकांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. टाय त्यांच्याकडे आहेच.

कलम तिसरे, हे सगळे का लिहावे लागले. मुलगा परवा आला होता. ओट्याशी उभा राहून त्याने नाक मुरडले. चिरायच्या फळीला मी खालून खिळे ठोकले आहेत. त्यांची टोके वर येतात, त्यांवर कांदा खोचला की तो धरायला दुसरा हात लागत नाही. कपाटाच्या बुडाला दातेरी पट्टी आहे, तिच्यात बरणीचे झाकण अडकवायचे आणि बरणी फिरवायची. किटली चौकटीत बसवली आहे, उचलायची नाही, नुसती कलती करायची. दिसायला सगळे ओबडधोबड, हे मला मान्य आहे.

"आई, हे स्वयंपाकघर आहे की गॅरेज?" मुलगा म्हणाला.

"चहा घे," वन्सं म्हणाल्या आणि त्याच्यापुढे कप ठेवला.

चहाचा घोट घेत तो मला म्हणाला, "तुझ्यामागं आत्याचं कसं व्हायचं? एका हातानं तिला काय जमणार? मी एक चांगली संस्था बघून ठेवलीय. तिकडं सगळं आयतं मिळतं. हे घर मग मोकळं करून नीट करता येईल."

"साखर बरोबर आहे ना रे?" वन्संनी विचारले.

"मस्त झालाय गं," असे म्हणून त्याने कप रिकामा केला. हा चहा कोणी, कितीशा हाताने केला, हे त्याच्या डोक्यात शिरले नाही. वन्संनी कप उचलला आणि विसळायला गेल्या. नळ बराच वेळ चालू होता. त्या पाणी वाया घालवणाऱ्यांपैकी नाहीत. मला मुलाचा इतका संताप आला की तो जाताच मी वकिलांना बोलावले.

म्हणून सांगते. ज्या दिवशी मुलाला वाटेल की आत्याला जमत नाही, त्या दिवशी त्याने या ओट्याशी यावे. माझ्या एप्रनच्या नाडीने त्याचा उजवा हात पाठीमागे बांधावा, डाव्याला साबण लावावा. मग त्याने आपल्या बक्षिसाच्या सोलाण्याने बटाटा सोलावा आणि आत्यासाठी चहा करावा. ते जमले तरच तोंड उघडावे. वकील म्हणतात हे कलम कोर्टात टिकणार नाही. न टिको. वन्संचा हक्क पहिल्या कलमात बिनअटीचा आहे, तो टिकेल. हे कलम मुलाने वाचावे एवढ्याचसाठी आहे.

कलम चौथे, सून. बँकेतली ठेव सुनेला. तिच्या घरी नवऱ्याचे सोलाणे भिंतीवर चौकटीत लावलेले आहे आणि बटाटे खणातल्या माझ्या जुन्या, जाड मुठीच्या सोलाण्याने सोलले जातात. "सासूबाई, त्यांना सांगू नका हं," असे तिने मला बजावले होते. मी सांगितलेले नाही.

कलम पाचवे, कामाची खोली. तिथला वस्तू आवळून धरायचा शेगडा, कानशी, करवती, रबराचे तुकडे आणि अर्धवट मुठींची पेटी वन्संना. हे वाचून मुलगा हसेल. म्हणेल, आत्याला त्यातले काय कळते? तर ऐक.

गेला हिवाळा संपता संपता माझी बोटे वळेनाशी झाली. मी कोणाला बोलले नाही. दुसऱ्यांच्या हातांसाठी वस्तू करणारीने आपले हात गेले म्हणून रडायचे म्हणजे शोभा. मुलगा दोनदा येऊन गेला, मी कप दोन्ही तळव्यांत धरते हे त्याने पाहिले नाही. वन्संनी पाहिले. त्या कामाच्या खोलीत गेल्या. जुन्या सायकलच्या मुठीचे रबर त्यांनी शेगड्यात धरले, एका हाताने कापले, त्यात पेन बसवले, वरून कातड्याची पट्टी टाके घालून आवळली. मग माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "वहिनी, लिहा. कुठं दुखतंय ते सांगा."

कसे दिसते, असे विचारले नाही. मी अंगठ्याखाली दाखवले. त्यांनी तिथले कातडे सोडवून पुन्हा शिवले. साबणाचे हात लावूनही बघायला लावले, ते त्या शिकल्या माझ्याकडूनच.

कलम शेवटचे. ते पेन मुलाला. बाळा, हे दुखणे आपल्या घरातले आहे. माझ्या आईचे हात असेच झाले होते, माझे झाले, आणि तुझी बोटे हुबेहूब माझी आहेत, तू जन्मलास तेव्हाच मी पाहिले होते. तुझ्यावर ही वेळ येईल तेव्हा मी नसेन. आत्या असेल, जर तू तिला असू दिलेस. तिच्या ओट्याशी जाऊन बस. ती विचारेल.

वन्संना या मृत्युपत्राने लाभ होतो, म्हणून त्यांना साक्षीदार होता येत नाही, असे वकील सांगतात. बरे. त्या चहा करत आहेत.

ठिकाण: याच घराचे स्वयंपाकघर.
तारीख: वकिलांनी वरच्या कोपऱ्यात घातली आहे तीच.

आमच्यासमक्ष आणि हसतखेळत सही झाली:
साक्षीदार पहिले, डॉक्टर (दवाखान्याची मूठ बदलली आहे).
साक्षीदार दुसरे, खालच्या मजल्यावरचे कुलूपवाले.

सही, माझी, त्याच पेनाने.