बारा पेल्यांचा मिक्सर

१२ मार्च २००६, रविवार

आजही रसाला लसणाचा वास! भांडं तीनदा घासलं, लिंबाची साल फिरवली, रात्रभर उघडं ठेवलं — वास आहेच. जुन्या मिक्सरचं मोठं भांडं दिवाळीत तडकलं, उरलं ते चटणीचं. एका माणसाचा एक पेला, तो त्यातच करायचा. पालक वर चिकटून बसतो, खाली पातं नुसतं घरघरतं. चमच्यानं ढकला, फिरवा, पुन्हा ढकला. शेवटी हाती काय, तर लसणाची पातळ चटणी. नाक दाबून प्यायले.

हे सगळं बागेतल्या मंडळींपायी. सकाळी सहाला योगासनं, रोज घरी एक पेला रस, आणि रविवारी बागेत सगळ्यांचा एकत्र. कच्च्या भाज्यांचा — न शिजवता, न गाळता. टीव्हीवर बघून सुरू केलंय. ते अकरा जण आणि मी बारावी, तीन आठवड्यांची नवखी. दर रविवारी एकानं सगळ्यांचा रस घरून करून आणायचा. आमचे पुढारी दिवाकरराव, बँकेतून रिटायर झालेले. आज त्यांनी वही काढली नि म्हणाले, "विमलाताई, तेवीस एप्रिलला तुमची पाळी."

"या वयात?" — तोंडातून निघूनच गेलं! बायका इतक्या हसल्या की समोरच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले. दिवाकरराव लालबुंद. अनसूयाबाईंनीसुद्धा पदर तोंडाला लावला.

घरी येईपर्यंत मी एकटीच हसत होते. कुलूप काढलं आणि हसू थांबलं.

१४ मार्च, मंगळवार

चटणीच्या भांड्यात एक पेला. म्हणजे बारा पेल्यांना बारा वेळा. त्यात लोडशेडिंग — सहाला लाइट जाते ती नऊला येते. जमायचं नाही. नवं काहीतरी घ्यायलाच हवं.

१८ मार्च, शनिवार

मेन रोडला गेले होते. मोठं दुकान, काचेचं दार. काउंटरवरच्यानं पहिला प्रश्न विचारला, "घरात माणसं किती?"

"एक."

"मग मिक्सर कशाला काकू? हा हँड ब्लेंडर घ्या. काठीसारखा असतो, पेल्यातच घालायचा. एकट्या माणसाला पुष्कळ झाला." तो काउंटरवर ठेवला आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या नवराबायकोकडे वळला. त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. मी ती काठी हातात धरून उभी. कच्च्या गाजराचं काय करणार ती? बोथट सुरीनं ऊस सोलण्यातला प्रकार.

तशीच परत आले. एकटा जीव सदाशिव म्हणतात. सदाशिवालाही निदान बेल वाहणारे तरी येतात!

१९ मार्च, रविवार

बागेत यंत्रावर चर्चा. ज्यूसर घेऊ का, असं मी विचारलं मात्र! दिवाकरराव उसळले. "ज्यूसर चोथा बाहेर फेकतो. मग उरतं काय? रंगीत पाणी! चोथ्यासकट पोटात जायला हवं." एकीनं सांगितलं, तिच्या ज्यूसरची जाळी टूथब्रशनं घासावी लागते. अर्धा तास पिण्याचा, अर्धा धुण्याचा. अनसूयाबाई म्हणाल्या, "आमच्याकडे पाटा आहे. पण हात कुणाचे आहेत?"

मला हा वाद फार आवडला. माझ्यासाठी चालला होता! माझ्या स्वयंपाकघरात काय असावं यावर अकरा माणसं भांडत होती. आई गेल्यापासून, दोन वर्षांत, मी काय खाते हेसुद्धा कुणी विचारलेलं नाही.

ठरलं. मोठ्या भांड्याचा मिक्सर.

२५ मार्च, शनिवार

दुसरं दुकान, जरा लहान. मिशीवाले गृहस्थ, ज्ञानेश नाव. तोच प्रश्न. "म्याडम, घरात माणसं किती?"

"बारा," मी म्हटलं.

काय सांगू! खुर्ची आली. पंखा माझ्याकडे वळला. "जॉइंट फॅमिली! आजकाल कुठे बघायला मिळते? नशीबवान आहात. बारा माणसं म्हणजे साडेसातशे वॅटच्या खाली बघूच नका. साडेपाचशेचा पालक-बिलक ओढतो, पण कच्चं बीट घातलं की मोटार तापते." तीन भांडी मांडून दाखवली. झाकणाचं रबर काढून दाखवलं, पातं उलटं करून दाखवलं. मीही विचारत राहिले. सासूबाईंना दात नाहीत का, असं त्यानं विचारलं तर "नाहीत" म्हणाले! कुठल्या सासूबाई?

घेतला. मंगळवारी डेमोला घरी येतो म्हणाला. आता काय करू?

२८ मार्च, मंगळवार

ज्ञानेश येऊन गेला. "बाकीची मंडळी?"

"बागेत गेलीत."

"अकरा वाजता? ह्या उन्हात?"

"सवय आहे त्यांना."

मांडणीवर एक ताट, एक वाटी, दोन पेले. त्यानं पाहिलं आणि भाज्या मागितल्या. गाजर, काकडी, पालक — आधी पाण्याची वस्तू खाली, पाला मधे, कडक वर. तीन झटके द्यायचे, मग सोडायचं. अर्ध्या मिनिटात लोण्यासारखं! एक गाठ नाही. दोघांनी एकेक पेला घेतला. सातपूरला राहतो, दोन मुली आहेत, धाकटी पालकाला शिवत नाही. पंचवीस मिनिटं बसला.

तो गेल्यावर घर खायला उठलं. भांड्यात बराच रस उरला होता. दोन पेले प्यायले, बाकीचा गाईला.

३० मार्च, गुरुवार

पाडवा. गुढी उभारली. श्रीखंड आणलं नाही. डेअरीवाला पाव किलोच्या खाली देत नाही.

९ एप्रिल, रविवार

रोज सराव करते. दुधी जास्त की काकडी, आलं किती, आवळा केव्हा. रस आता सुरेख होतो. लसणाचा मागमूस नाही.

आज दिवाकररावांनी विचारलं, "नोकरी कुठे होती तुमची?" म्हटलं, टेलिफोन एक्स्चेंजला. सव्वीस वर्षं ट्रंक कॉल जोडले. "मग किती लोकांशी बोलला असाल!" — सगळ्यांना असंच वाटतं. मी फक्त "बोला" म्हणायचे. बोलायचे ते दुसरेच. पुढे सगळं आपोआप जुळायला लागलं, आम्हाला लवकर घरी पाठवलं. माझ्या घरचा फोन महिन्यातून एकदा वाजतो, तोही राँग नंबर.

२१ एप्रिल, शुक्रवार

अनसूयाबाई आज थांबल्या माझ्यासाठी! त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंचे विधी. सोवळं कडक. बाहेर चहासुद्धा घेत नाहीत. रविवारीही स्वतःचा पेला आणतात, घोटभर घेतात — तोही ठरावीक दोन-तीन घरचाच. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडचा घेईन मी. पण बघा हं, करताना उष्टं-खरकटं होऊ देऊ नका."

म्हटलं, नैवेद्यासारखा करेन.

२२ एप्रिल, शनिवार

गोदाकाठी, गंगेवरच्या भाजीबाजारात नवसाबाईकडून चार दुधी घेतले. कोवळे, नखानं बघितले. काकड्या, पालक, पुदिना. "एवढा दुधी कोणाला, बाई?" म्हटलं, "माणसं आहेत." ऐटीत म्हटलं!

२३ एप्रिल, रविवार

सकाळी साडेआठ. झालं! साडेचारला उठले, न्हाले, धुतलेलं पातळ नेसले. लाइट जायच्या आत चार घाणे काढले. सगळं एकत्र करून डब्यात भरलं. थेंबसुद्धा चाखला नाही. बोटालासुद्धा लागू दिला नाही.

दिवाकररावांचे मेहुणे आयत्या वेळी आले, म्हणून माझा पेला त्यांना दिला. वाढणारीनं शेवटी घ्यावं, त्यात काय. "जरा कडवट लागतोय का हो?" कुणीतरी म्हणालं. दिवाकरराव म्हणाले, "कडू तेच औषध! एका दमात!" सगळ्यांनी प्यायला. अनसूयाबाईंनी आज घोटभर नाही, भरलेला पेला संपवला. मी बघतच राहिले. घरी येताना रिकामा डबा किती हलका लागला!

दुपारी तीन. फोन. दिवाकररावांच्या सौ. — "ह्यांना उलट्या होतायत." ठेवला तर पुन्हा फोन. मेहुण्यांनाही. मग आणखी एकीचा. तेव्हापासून वाजतोय. सवयीनं "बोला" म्हणते. सात जण आजारी. अनसूयाबाईंना दवाखान्यात नेलं. उलटीतून रक्त पडलं म्हणे.

इतके फोन ह्या घरात कधी आले नव्हते.

२४ एप्रिल, सोमवार

शहाळं घेऊन दवाखान्यात गेले. जिन्यावर असतानाच वरून आवाज ऐकू आला — आमच्यातलीच होती, हसणाऱ्यांतली. "तिनं स्वतः नाही घेतला. मी बघितलं ना. सगळ्यांना पाजला नि आपण नुसती उभी."

उलट पावली आले. शहाळं फाटकापाशी वॉचमनला दिलं. काय सांगणार होते मी? की पेला कमी पडला? कोण ऐकेल?

२५ एप्रिल, मंगळवार

दिवाकररावांचा फोन. आवाज खोल गेलेला. डॉक्टर म्हणाले, दुधी कडू निघाला. कडू दुधी कच्चा पोटात गेला की विषच. त्यातला एक जरी कडू असला तरी सगळा रस बाधतो. बाकीचे ठीक आहेत, अनसूयाबाईंना अजून सलाइन.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "काही दिवस रस बंद ठेवू" एवढंच म्हणाले.

फ्रीजमध्ये एका दुधीचा शेंडा उरला होता. सुरीच्या टोकावर घेऊन जिभेला लावला. थू! अजून तोंड कडू आहे. आता चाखला! काकडी असो, दुधी असो, चिरतानाच एक चकती तोंडात टाकायची आई. शेंबडं पोरही करतं ते. आणि मी नैवेद्य करायला निघाले होते. सबंध महिना यंत्र निवडलं — वॅट बघितले, पातं बघितलं, चोथ्याचा विचार केला — आणि दुधी चाखून बघितला नाही.

२६ एप्रिल, बुधवार

नवसाबाईकडे गेले, भांडायला. ती हादरलीच. "औंदा पाणी नाय बाई, उन्हानं येल करपला. एखादा निघतो कडू. पण चाखून बघायचा ना आधी! आमी तर चाखल्याबिगर जनावरालाबी नाय घालत."

भांडण तिथंच संपलं. ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत होती. पिशवीत चार लिंबं टाकली, पैसे घेतले नाहीत.

३० एप्रिल, रविवार

गेले नाही. सहाला लाइट गेली, पडून राहिले. आता सगळे शवासनात असतील. माझी सतरंजी पिंपळाच्या बाजूला असायची. तिथं कुणी सरकून बसलं असेल का, की जागा रिकामी ठेवली असेल? दोन्ही वाईटच.

दुपारी फोन. धावत गेले. ज्ञानेश! "म्याडम, महिना झाला, कंपनी विचारते. बारा माणसं खूश ना?"

म्हटलं, "माणसं नाहीत. मी एकटीच राहते. परत घेता का?"

तो म्हणाला, "एकट्या आहात ते मला कळलं होतं, ताई. परत नाही घेता येत. पण ठेवा. बीट-गाजर चांगलं होतं त्यात."

ताई म्हणाला. फोन ठेवल्यावर रडले. चांगलं तासभर रडले.

२ मे, मंगळवार

मिक्सर खोक्यात घालून माळ्यावर टाकला.

४ मे, गुरुवार

कुणी नाही. एक राँग नंबर.

६ मे, शनिवार

अनसूयाबाई आल्या! काठी टेकत, दोन जिने चढून. निम्म्या झाल्यात. पिशवीत तीन काकड्या. मी पायाशी वाकले तर म्हणाल्या, "ते राहू दे. काढ ते यंत्र." स्टुलावर चढून माळ्यावरून काढलं. रस केला, पेला भरला, त्यांच्यापुढे धरला.

हात लावला नाही. "आधी तू घे," म्हणाल्या. "चांगला घोट घे. गीळ."

प्यायले. त्यांच्यासाठी दुसरा पेला घ्यायला उठले तर मनगट धरलं आणि माझ्या हातातला काढून घेतला. उष्टा. तोंडाला लावून तळापर्यंत संपवला.

म्हणाल्या, "मीठ कमी आहे."