वाडग्यातली कवळी

ति. दादा,

शिरसाष्टांग नमस्कार. या वेळी तो नुसता कागदावरचा नाही. समोर असतास तर खरोखर पाय धरले असते. तुझी कंबर कशी आहे? वहिनींचा खोकला? दवाखाना नीट चालतो ना? (दातांचा दवाखाना न चालायला काय झालं, आमच्यासारखे नातेवाईक आहेत तोवर.)

इकडे सगळे सुखरूप, सासऱ्यांची कवळी सोडून. तिचा एक दात निखळला. ही म्हणाली, दादांकडे पाठवू या. पण मी पडलो रसायनशास्त्राचा मास्तर, मला कुठलं राहवतंय! कवळीचा प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये ठसा घ्यायचा आणि दात नेमका जागच्या जागी चिकटवायचा, असा माझा बेत. वाडग्यात प्लॅस्टर कालवलं, कवळी दाबली. आधी तिला तेल लावायचं असतं, हे सगळं घट्ट झाल्यावर आठवलं. मग पुढचं शहाणपण : भिजून सैल होईल म्हणून वाडगा दिवसभर पाण्यात ठेवला. अरे दादा, प्लॅस्टर वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होतं! जिप्सम भाजून त्यातलं बरंचसं पाणी घालवलं की प्लॅस्टर, ते पाणी परत दिलं की पुन्हा जिप्सम. दरवर्षी हेच मी फळ्यावर लिहितो, तेही जिप्समच्याच खडूने. सासूबाई म्हणाल्या, "मग परत भाजा की!" शास्त्र बरोबर आहे, पण कवळीचं काय झालं असतं ते तूच जाण. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

सासरे मला एका शब्दाने बोलले नाहीत. (बोलणार कसे?) वाडगा मांडीवर घेऊन बसतात, मधूनच आत डोकावतात. मला मान वर करवत नाही. रविवारी त्यांचा निवृत्तीचा सत्कार आहे. महिनाभर आरशासमोर भाषण घोकत होते बिचारे. आता ते त्यांच्या शेजारी उभं राहून मी वाचायचं ठरलंय.

घरच्यांना नमस्कार. कळावे, लोभ शिल्लक असल्यास असावा.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्र घेऊन आलेल्या हिच्या पिशवीत वाडगा आहे. तो फोड, पण कवळी वाचव.

ता. क. २ : भाषण आज वाचून पाहिलं. शेवटी लिहिलंय, "जावई घरात आहेत, त्यामुळे आमचं कशावाचून अडत नाही." हे वाक्य गाळू का, असं मी विचारलं. सासऱ्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि तोंडाचं बोळकं पसरून हसले. दादा, ते हसू बघवत नाही रे. शनिवारच्या आत कर.