आत्याचा काढा, मॅडमचा डबा

सोमवार, ४ ऑगस्ट
डॉक्टरीनबाई म्हनली, रोज काय खाती-पिती ते लिहून ठेव. घरात कुनाला दाखवनार न्हाई मी. सहावा महिना चालू हाय आन रक्त आठच. अकरा पायजे म्हनं. लाल गोळ्या दिल्यात. रक्त चढलं न्हाई तर बाळंतपन अवघड जाईल म्हनली.
मला काय भ्या न्हाई. माझी आई माझ्याच येळंला रक्त जाऊन गेली, पन तवा मानसं अडाणी व्हती. मी सातवी पास हाय.
ठरलं. महिन्याभरात अकरा करूनच दाखवायचं.
खाल्लं: भाकरी, कालवन. गोळी घेतली. उलटी झाली.

बुधवार, ६ ऑगस्ट
आत्यानं, म्हंजे माझ्या सासूनं, काढा चालू केला. सासू म्हनल्यावर ह्ये आलंच. गवती चहा, आलं, बांधावरनं खनून आनलेली शतावरी, वर गुळाचा खडा. रंग म्हशी धुतलेल्या पान्यासारखा. म्हनली, पी गं गौतमे, ह्याच्यावरच माझा प्रमोद झाला. प्रमोदकडं बघून काढ्याची जाहिरात करावी असं काय न्हाई. घोटावड्याच्या कंपनीतनं येतोय, जेवतोय, मोबाईल छातीवर ठिवून घोरतोय.
आत्याची पाठ वळली तशी वाटी शेळीफुडं धरली. शेळी बी गाभन हाय. चाटूनपुसून प्याली. जनावराचं औषध जनावराला.

शनिवार, ९ ऑगस्ट
आज कामाचं झालं. ज्या फार्महाऊसवर मी भांडी करते तिथल्या मॅडमनं डबा दिला. म्हनली, माझ्या बहिनीचा उरलाय, ती बाळंत झाली, हर्बल टी हाय, तुला हुईल. डब्यावर गोरी बाई, मांडीवर गुटगुटीत बाळ. खाली सगळं इंग्रजी. वाचायची गरज काय, चित्रावरनंच कळतंय.
ह्याला म्हनत्यात चहा. आत्याच्या काढ्याला काय म्हनायचं ते लिहीत न्हाई.
ठरलं: दिवसातनं चारदा प्यायचा.

गुरुवार, १४ ऑगस्ट
गोळी आता डब्याच्या चहाबरुबर घेते. गपकन जाती, उलटी न्हाई. असल्या गोष्टीला डोकं लागतंय.
आशाताई आली व्हती. तिचं एकच टुमनं, गोळी चहाबरुबर घिऊ नगा, रक्त चढत न्हाई, लिंबूपान्याबरुबर घ्या. मी म्हनलं, चहा घेतच न्हाई. खोटं न्हाई ते. डब्यातलं औषध हाय, चहा कुटं हाय. तिला सांगून काय उपेग, तिला गुलाबी साडी आन रजिस्टर दिलंय म्हनून ती डॉक्टर झालीया.
ननंदेला, नम्रताला, डबा दाखवायचा न्हाई. बारावी झाल्यापासनं घरात तिच्याशिवाय कुनाला काय कळत न्हाई.

शुक्रवार, २२ ऑगस्ट. सकाळीच
शेळीनं घात केला. आत्यानं काढा गाळायला घेतला की ती दावं ताणून वरडाया लागती. आज सुटली ती सरळ चुलीपाशी, माझ्या हातातल्या वाटीत तोंड. आत्यानं बघितलं. मग म्हनली, बरंय, घरातल्या एकीला तरी आपल्या पिलाची काळजी हाय.
मी म्हनलं, मला वास सहन होत न्हाई. ती म्हनली, वास येत असंल तर नाक धर, गोळी तरी खाती का न्हाई? मी म्हनलं, खाते. खातेच. पन सांगितलं न्हाई कशाबरुबर खाते ते.
बाहेरच्या बाया म्हनतात पाय सुजलेत. सुजले न्हाईत. चप्पल बारकी झालीया.

रविवार, ३१ ऑगस्ट
जिना चढताना दम लागला. मॅडमचा जिना उंच हाय. शहरातल्या लोकांना साधा जिना बांधता येत न्हाई.
बाळ आज कमी हाललं. झोपलं असंल. माझ्यावर गेलंय, शांत हाय. संध्याकाळी हाललं. मी कुनाला सांगितलं न्हाई, सांगन्यासारखं काय न्हवतं.
गालावर लाली आलीया. आरशात दिसत न्हाई, पन आतनं कळतंय.

गुरुवार, ४ सप्टेंबर. दुपार
रक्त साडेसात.
मी म्हनलं, मशीन बिघडलंय. दुसऱ्यांदा काढलं. साडेसात. डॉक्टरीनबाईनं इचारलं गोळ्या घेती का. घेते म्हनलं. कशाबरुबर. मग आत्यासंगं आलेल्या नम्रतानं पिशवीतनं डबा काढला. कवा घेतला कुनास ठाऊक, ह्या पोरीचं नाक सगळीकडं असतं. वाचून दाखवला. काळा चहा, मेथ्या, बडीशेप. बाळंत झाल्यावर प्यायचा, दूध यावं म्हनून. पोटात बाळ असताना डॉक्टरला इचारल्याबिगर घिऊ नये.
डॉक्टरीनबाई वरडली न्हाई. म्हनली, चहानं गोळ्या अंगी लागल्या न्हाईत, उद्या ॲडमिट हो, लोखंडाची सलाईन लावू.
मी आत्याला म्हनलं, तुझा काढा प्याले असते तर झालं असतं का बरं. ती म्हनली, काढा तुला अन्न पोटात राहावं म्हनून देत व्हते गं, रक्ताला गोळीच. बास, एवढंच. वाटंत जीपमधी माझी पिशवी मांडीवर घिऊन बसली. वरडली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार, ५ सप्टेंबर
सरकारी दवाखाना. सलाईन लागली. नुसती सुई हाय, त्यात काय.
आत्या बाहेर बाकावर बसलीया, प्रमोदनं रजा टाकलीया. एवढं करायची गरज न्हवती.
बाजूच्या खाटंवर नेरे गावची पोरगी हाय, तिला बी सलाईनच. असल्या पोरींना पोट सांभाळता येत न्हाई आन मग भ्यायचं. म्हनलं तिला धीर द्यावा. सांगितलं, रडू नगं, काय व्हत न्हाई, आजकाल कुनी मरत न्हाई.
ती म्हनली, ताई, मी न्हाई, तुमीच रडताय मघापासनं.
पंख्याचं वारं डोळ्याला लागतंय, असं तिला सांगितलं.