सरांकडे राहिलेले उत्तर

१२ फेब्रु., बुधवार
दि. का. गेले. आज पहाटे, झोपेत. वणीच्या बसमध्ये उभी असताना फोनवर आमचा छायाचित्रांचा समूह उघडला, तर तो चालवणाऱ्या नीलिमाताईंचे चारच शब्द: ‘आपले दिगंबरकाका गेले रे.’ कंडक्टरने दोनदा तिकीट विचारले म्हणे. मला ऐकूच आले नाही.
अठ्ठावीस देश पाहिलेला माणूस. गळ्यात कॅमेरा, पायात एकच जोड. मी चंद्रपूरच्या पुढे गेलेली नाही, आणि तरीही दोन वर्षे त्यांच्या छायाचित्रांबरोबर...
दुपारपर्यंत शेकडो संदेश. त्यात एक: ‘सर, तुम्ही काहीतरी लिहा ना. तुमच्याइतकं त्यांना कुणी वाचलं नाही.’
सर म्हणजे मी.

१३ फेब्रु.
वर्गात लक्ष नाही. बाईंनी नाव घेतले तेव्हा उभी राहून भलत्याच कवितेविषयी बोलले. मुली हसल्या.
हे ‘सर’ प्रकरण कसे सुरू झाले ते आठवू पाहते. दोन वर्षांपूर्वी ‘वाटचित्रे’ समूहात आले. स्वतःचा फोटो लावला नाही, नाव ‘एक वाचक’. त्यांच्या एका बंदराच्या छायाचित्राखाली, समुद्र कधीही न पाहता, होड्यांच्या एकटेपणावर परिच्छेदभर लिहिले. कुणीतरी विचारले, ‘सर, निवृत्त होऊन किती वर्षं झाली?’ काय उत्तर द्यावे ते सुचेना, म्हणून गप्प राहिले. त्या गप्प राहण्यालाच होकार समजले. पुढे समूहातले मेजरकाका तर गुडघेदुखीवर तेल सुचवू लागले. मी आभार मानले.
माझे वय बावीस.

१४ फेब्रु., शुक्रवार
आज नवे कोडे नाही. दर शुक्रवारी ते ठिकाण न सांगता एक छायाचित्र टाकत, सगळे तर्क लढवत, आणि रविवारी संध्याकाळी ते ठिकाण व तिथली हकिकत लिहीत. सात तारखेचे कोडे तसेच उघडे आहे. चौकटभर पांढरे चढउतार, उजवीकडून तिरपा उजेड, मधोमध एक छोटासा काळा तंबू. खाली ओळ: ‘या वेळचे उत्तर सर देतील.’
रविवारी मी दिले नाही. तेव्हा त्यांनी लिहिले, ‘थांबू या. सरांना वेळ हवा असेल.’
मंगळवारी रात्री ते झोपले ते झोपलेच.
तर्क अजून येतच आहेत. कच्छचे मीठ. ढगांवरून काढलेले. मेजरकाका ठाम: ‘स्पिती. मी त्या भागात नोकरी केली आहे. बर्फ मला शिकवू नका.’

१५ फेब्रु.
तो बर्फ नाही. तो आमच्या मागच्या खोलीतला कापूस आहे. भाव येईपर्यंत खोलीत भरून ठेवलेला, आढ्यापर्यंत. काळा तंबू म्हणजे घाईत पालथे टाकलेले माझे ग्रंथालयाचे पुस्तक.
लिहून काढते, म्हणजे डोक्यातली भुणभुण थांबेल. एकोणतीस जानेवारीला त्यांचा खासगी निरोप: ‘सर, उद्या यवतमाळहून चंद्रपूरला निघालोय. मारेगाव वाटेवरच. तुमच्या तांड्यावर चहा मिळेल का?’ तांड्याचे नाव मीच कधीतरी सांगितले होते. उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने वणी गाठली आणि पाच वाजेपर्यंत ग्रंथालयात बसले. एक पान वाचले नाही.
घरी आले तर याडी, म्हणजे आई, चुलीपाशी. ती आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलते, पण पाहुण्यांची गोष्ट सांगताना वऱ्हाडीवर येते.
‘एक म्हातारा आलता. सरचं घर कोणतं म्हणे. म्या म्हटलं, बापा, इथं कोणी सर नाही. गुरुजी मारेगावले राह्यते.’
‘मग?’
‘मंग काय, चहा देल्ला. उन्हाचा आलता बिचारा. कापूस पाहू का म्हणे. आता कापूस काय पाहाचा? पण पाह्यला. हे पुस्तकं कोणाचे म्हणे. म्या म्हटलं पोरीचे. त्यानं एक उघडलं, आतलं तुह्यं पेन्सिलीचं लिहिलेलं वाचलं, अन् हासत राह्यला. लय येळ.’
एकदा माझ्या हाताने लिहिलेल्या पानाचा फोटो त्यांना पाठवला होता. अक्षर ओळखले असणार. कळल्यावरही समूहात ‘सर’ म्हणूनच हाक मारली. सांगायचे की नाही, ते माझ्यावर सोडले.

१७ फेब्रु.
नीलिमाताईंचे निवेदन: रविवारी सहाला ऑनलाइन स्मरणसभा. निवडक छायाचित्रांचे पुस्तक छापायचे, शेवटच्या पानावर हे शेवटचे. ‘सर, सुरुवात तुम्ही करायची. आणि ठिकाण सांगा. तुम्ही बोलला नाहीत तर मेजरकाका म्हणतात तसं स्पिती छापते.’
म्हणजे मी गप्प राहिले की आमची खोली हिमाचलात जाणार.

१८ फेब्रु.
लिहिले: ‘मेजरकाकांचा तर्क योग्य वाटतो.’ पुसले.
लिहिले: ‘मी सर नाही.’ पुसले.
गेली दोन वर्षे समूहात माझे म्हणणे जितक्या आदराने ऐकले गेले, तितके याआधी कुणी ऐकले होते? वर्गात पहिली येते, पण बोलायला उभी राहिले की मुली हसतात. तिथे मी दोन ओळी लिहिल्या की लोक थांबून वाचतात. ते सरांना वाचतात की मला? ठिकाण सांगितले की हे कळेल. तेच तर नको आहे.
दिवसभर अंगाला खाज. कापसाची की कशाची, कोण जाणे.

२० फेब्रु.
याडीला छायाचित्र दाखवले. तिने फोन लांब धरला.
‘हे तं आपली खोली.’ बर्फ वगैरे तिला क्षणभरही दिसला नाही. ‘त्यानं माहा फोटो काढतो म्हटलं होतं. म्या नाही म्हटलं, डोक्यात सारा कापूस होता.’
मग सगळे सांगितले. ते गेले, हेही. ती हातातली तूर पाखडत राहिली.
‘म्हंजे सर तूच होय. अन् म्या त्याले इथं कोणी सर नाही म्हटलं.’ सूप खाली ठेवले. ‘मराले टेकलेल्या माणसासंग खोटं बोलाले लावलं तू मले.’
‘तुला कुठे माहीत होतं?’
‘तुले तं माहीत होतं ना. काहून पळाली मंग?’
तिने पुन्हा सूप उचलले. ‘मोठी आली सर,’ म्हणाली. रागात हसू होते की हसण्यात राग, ठरवता येईना.

२२ फेब्रु., शनिवार
सभेत फोन फिरवून खोलीच दाखवावी, मग फार बोलावे लागणार नाही, असे मनाशी ठरवले होते. आज वडिलांनी, बापूने, व्यापाऱ्याची गाडी बोलावली. भाव बरा आहे म्हणे. दुपारपर्यंत खोली रिकामी. जमिनीवर सरकीचे चार दाणे आणि भिंतींना चिकटलेले तंतू.
‘उद्या न्या,’ म्हणाले असते तर ‘काहून?’ आले असते. म्हणून मी बोललेच नाही.

२३ फेब्रु., रविवार
सभा झाली.
रिकाम्या खोलीतच बसले, तिथे रेंज बरी. कॅमेरा बंद. पडद्यावर तीसेक चेहरे, बहुतेक पांढऱ्या केसांचे. मेजरकाका कल्पनेपेक्षा लहानखुरे. नीलिमाताई म्हणाल्या, ‘सर आलेत. सर, बोला.’
दोन पाने लिहून ठेवली होती. माईक सुरू केला आणि म्हणाले, ‘नमस्कार.’ एवढेच.
कुणीतरी प्रेमाने म्हणाले, ‘बाळ, फोन आजोबांना दे बरं जरा.’
हीच वाट होती पळायची. देते म्हणायचे आणि बंद करायचे. दारात याडी उभी होती, पदर नीट करून, जणू तिलाही कुणी पाहणार आहे.
कॅमेरा सुरू केला. ‘आजोबा नाहीत. सर म्हणून मीच लिहीत होते. तो बर्फ नाही, कापूस आहे. मारेगावजवळ, आमच्या तांड्यावर, याच खोलीतला. काल विकला. तो तंबू माझे पुस्तक आहे. ते आले तेव्हा मी लपून बसले होते.’ पाने हातातच राहिली.
मग याडी मागून पुढे झाली. ‘चहा पेऊन गेला तो माणूस. साखर जास्त घेतली. हासत गेला, एवढं लिहा तुमच्या पुस्तकात.’
नीलिमाताई चष्मा पुसत होत्या. मेजरकाका पडद्याच्या फार जवळ आले. रागावले नव्हते, ते जास्त कठीण होते. म्हणाले, ‘म्हणजे दोन वर्षं मी माझ्या गुडघ्यांपासून बायकोच्या आजारपणापर्यंत सगळं... कोणाला सांगत होतो मी?’
‘मला,’ मी म्हणाले. आवाज त्यांच्यापर्यंत पोचला की नाही माहीत नाही. त्यांची चौकट काळी झाली.
सभा पुढे चालली. कोण काय बोलले ते आठवत नाही.
फोन खिडकीत चार्जिंगला लावला आहे. सारखा वाजतो आहे. याडी आतून म्हणते, ‘पाह्य ना, कोण काय म्हणून राह्यलं.’
पाहते, म्हटले.