मंचावरची पांढरी साडी

मरोदा, भिलाई
४ नोव्हेंबर २०२५

टिकारामभाऊ,

जय भीम. तुझी तब्येत बरी असावी, पेपरातल्या फोटोत तरी बरी दिसते. तुझ्या भाचीला, खुशबूला, नर्सिंगला ॲडमिशन मिळाली. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

रविवारी सेक्टर २ मध्ये तुझी सभा आहे आणि बहीण म्हणून मी मंचावर बसावं, असा तुझा निरोप मिळाला. कामगार युनियनचा माजी राष्ट्रीय अध्यक्ष आता हवामान वाचवायला निघाला! दिल्लीत अध्यक्षपदाची निवडणूक हरलास आणि वर्षभरात तुला झाडं दिसायला लागली. खुशबूनं तुझ्या भाषणाचा व्हिडिओ दाखवला. म्हणे, "माझ्या बहिणीची विहारात नेसायची पांढरी साडी धुरानं काळी झाली, तिथंच माझे डोळे उघडले." लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कुठं उघडले रे डोळे? आम्ही कुम्हारीला कारखान्यामागं राहायचो. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी तीच साडी घेऊन मी तुझ्याकडे आले होते. तू हसलास. "धूर हाय म्हणून चूल पेटते, सत्या. साडी अंदर वाळू घालत जा." वर एक नवी साडी हातात ठेवलीस. कारखान्याच्या मालकाशी तुझं उठणं-बसणं होतं, हे मला माहीत होतं.

रोशन तिथंच भट्टीवर होता. खोकून खोकून माझ्या नवऱ्याची पाठ वाकली, तरी म्हणायचा, "भाऊले सांग, एकडाव येऊन पाह्य म्हना. भाऊ आपलाच हाय." मी सांगितलं. तू आला नाहीस. आलास तो रोशन गेल्यावर, त्याच्या पुण्यानुमोदनाला, हार घेऊन. तिथंही भाषण ठोकलंस, पण खोकल्याचं नाव काढलं नाहीस.

आता तू धुराबद्दल बोलतोस ते सगळं खरं आहे. त्याचाच जास्त राग येतो. तेव्हा बोलला असतास तर रोशन वाचला असता की नाही, मला माहीत नाही. पण आपल्या बाजूनं कुणी आहे, एवढं तरी त्याला वाटलं असतं.

सभेला मी येईन. मंचावर नाही, समोर बसेन. साडीची गोष्ट पुरी सांग, तू मला काय म्हणालास तेही सांग. सांगितलंस तर घरी जेवायला ये. नाही तर मी उभी राहून सांगेन, आणि मग माझ्या दाराशी येऊ नकोस.

रोशनची बायको,
सत्यशीला