तुंगारेश्वरच्या ओढ्यात बसलो त्याविषयी

वसई (पूर्व),
दि. १२ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप नरहरीदादा यांच्या चरणी सदानंदचा सविनय नमस्कार. आपला खोकला ओसरला असेल, वहिनींच्या डोळ्यांत थेंब वेळेवर पडत असतील आणि वटारच्या वाडीतल्या केळी यंदाच्या वाऱ्यातून सावरल्या असतील, अशी आशा करतो. माझी प्रकृती उत्तम आहे. किंबहुना नको तितकी उत्तम आहे, आणि त्याच बाबतीत आपला निर्णय हवा आहे.

प्रेमलताला जाऊन येत्या नोव्हेंबरात वर्ष होईल. तेराव्याला आपण म्हणाला होतात, की वर्षभर घरात सणवार, गोडधोड, आनंदाचे काही नको. आपण तिचे थोरले बंधू आणि माझे ज्येष्ठ मेहुणे, म्हणून आपला शब्द प्रमाण मानून मी गणपतीतही मोदक होऊ दिले नाहीत (चहातल्या साखरेविषयी मात्र आपण काही बोलला नव्हतात, असे सुनेचे म्हणणे पडले). गेल्या रविवारी माझ्या हातून या नियमाचा भंग झाला. कसा, ते क्रमाने निवेदन करतो.

सून स्वप्ना हिने मला न विचारता ज्येष्ठांच्या एका डोंगरभ्रमण मंडळात माझे नाव घातले. मंडळाच्या प्रमुख फ्लॉसीबाई या नंदाखाल गावच्या, निवृत्त परिचारिका. वय अडुसष्ट, चाल अठ्ठाविशीची, आवाज अख्खा वॉर्ड जागा करणारा. मी इस्त्रीची पँट, काळे चामडी बूट आणि लांब दांड्याची छत्री अशा तयारीनिशी पायथ्याशी हजर झालो. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि विचारले, "सदा, तू डोंगर चढायला आलास की त्याची तपासणी करायला?" (एकेरीत! महाविद्यालयाच्या कार्यालयात चौतीस वर्षे अधीक्षक होतो; प्राचार्यसुद्धा मला साहेब म्हणत.)

जंगल मात्र सुंदर होते, हे नमूद केले पाहिजे. ओढे अजून वाहत होते आणि साग फुलले होते. नंदाखालचेच बागायतदार इग्नेशियस यांनी घरच्या वेलची केळ्यांची पिशवी माझ्या स्वाधीन केली. कारण, त्यांच्या मते, वाटेत एकही न खाता केळी वर पोहोचवील असा चेहरा एकट्या माझाच होता.

दुसऱ्या ओढ्याकाठी एक थोराड माकड वाटेत बसले होते. ते हलेना, तेव्हा मी म्हणालो, "कृपया वाट द्यावी." मागून फ्लॉसीबाई ओरडल्या, "अरे, त्याला अर्ज काय करतोस? छत्री आपट!" मी छत्री पुढे केली, तर माकडाने तिचे दुसरे टोक धरले. उभयपक्षी हे प्रकरण मिनिटभर प्रलंबित राहिले. मग माकडाने अचानक आपला हक्क सोडला आणि मी पाठीमागे ओढ्यात जाऊन बसलो, पिशवी डोक्यावर धरून. तिथून ती दुसऱ्या माकडाने अलगद उचलून नेली.

"केळी गेली," इग्नेशियस शांतपणे म्हणाले, "पण चेहरा बघा, तसाच आहे!"

आणि दादा, मला हसू आले. तो आवाज इतका अनोळखी होता, की दुसरेच कोणी हसते आहे असे प्रथम वाटले. पाण्यात बसून, पोट धरून हसलो. घरी गेल्यावर हे प्रेमलताला सांगायचे, असे ठरवूनही टाकले. मग आठवले. हसणे तिथेच थांबायला हवे होते. पण डोळ्यांतून पाणी वाहू लागले तरी ते थांबेना. फ्लॉसीबाई बुटांसकट ओढ्यात उतरल्या, शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "होऊ दे. दोन्ही होऊ दे."

तिला सांगता येत नाही, म्हणून आपणास सांगितले. आता, हा आनंद वर्षाच्या आतला असल्यामुळे दोषास पात्र ठरतो काय? माझ्या बाजूने एवढेच म्हणणे आहे, की गोड जे काही होते ते माकडांनी खाल्ले. आपला निर्णय शिरोधार्य मानीन.

आपला नम्र,
सदानंद

ता. क. निर्णय सवडीने द्यावा. येत्या रविवारी सकाळी सहाला पुन्हा निघायचे आहे. उत्तर त्याआधी आले, तर परतल्यावर उघडीन.

आणखी एक. मंडळाच्या यादीत मी आपलेही नाव घातले आहे. हसताना तिची मान जशी डावीकडे कलायची, तशीच आपलीही कलते. ती तशी कललेली पाहून अकरा महिने झाले. बुटांचे माप कळवावे.